दुपारची रेघ आणि रात्रीचं पाणी : श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरचा एक मुक्काम

पुण्याच्या माणसाची तंबूशी पहिली ओळख बहुतेक पवनेच्या नाहीतर मुळशीच्या काठावर होते. तिथे झोपताना पाणी जिथे असतं तिथेच सकाळी सापडतं, खुंट्या मुरमात घट्ट बसतात आणि गाडी तंबूच्या शेजारी लावली तरी बिघडत नाही. हाच अनुभव गाठीशी बांधून लोक ताम्हिणी उतरतात, आणि किनाऱ्यावर नेमक्या या तिन्ही गोष्टी उलट होतात. पुढचं प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा मुक्कामांत वारंवार होणाऱ्या चुका एकाच गटाच्या, एकाच रात्रीच्या वाट्याला आल्या असं धरून त्यांची साखळी इथे सोडवली आहे.

गट, सामान, तारीख

कोथरूड आणि सिंहगड रस्ता इथली दोन कुटुंबं. पाच मोठी माणसं, तीन मुलं. भाड्याची कॅम्पर व्हॅन: टेम्पो ट्रॅव्हलरच्या धाटणीची, सहा मीटर लांब, मागच्या चाकांवर ओढ असलेली, आत चौघांची झोपायची सोय. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, छोटा फ्रिज, दोन पंखे, ८० लिटरची पाण्याची टाकी. सोबत एक मोटार आणि तिघा-तिघांचे दोन घुमटाकार तंबू. खुंट्या तंबूबरोबर आलेल्याच, वीतभर लांबीच्या, गोल तारेच्या.

दत्तजयंती गुरुवारी झाली होती, मुक्काम शनिवारचा ठरला. हिशेब असा की पौर्णिमा सरली म्हणजे उधाण गेलं, चांदणं मात्र शिल्लक आहे. हिशेब दिसायला चोख आहे, पण चुकीचा आहे. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नसतो, त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतो. म्हणजे या लोकांनी पंधरवड्यातली सगळ्यात मोठी भरती हुडकून काढली होती.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. व्हॅन ताब्यात मिळायला साडेनऊ झाले. चांदणी चौक, ताम्हिणी, निजामपूर, माणगावला जेवण, पुढे म्हसळा असं करत किनाऱ्यावर पोचेपर्यंत पाच वाजत आले. वाडीतली जागा आधी कोणाशी बोलून ठेवलेली नव्हती. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो, त्यामुळे जागा निवडायला हातात होता जेमतेम तासभर.

संध्याकाळ

दुपारची भरती एकच्या सुमारास होऊन गेली होती. पाचला पाणी बरंच मागे हटलेलं, किनारा मैदानासारखा रुंद. भरतीने सोडलेली रेघ वाळूवर स्पष्ट दिसत होती: शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, सुरूच्या काटक्या, थर्माकोलचे तुकडे. तंबू त्या रेघेच्या वर सहा पावलं लावले, तोंडं समुद्राकडे. या लोकांनी रेघ पाहिली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. कित्येकजण तेवढंही पाहत नाहीत.

व्हॅन मात्र गावातून येणाऱ्या रस्त्याच्या टोकावरून थेट वाळूत उतरवली. ओल्या, घट्ट वाळूवर ती डांबरावर चालावी तशी चालली. तंबूंशेजारी लावायला वळवून वर घेतली आणि कोरड्या भुसभुशीत पट्ट्यात मागची चाकं बसली. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं गरगरली, अर्धी रिम वाळूत गेली. मग सगळ्यांनी मागून ढकललं, चाकाखाली झावळ्या घातल्या, पुन्हा ॲक्सिलरेटर. तासाभरात गाडीचं पोट वाळूला टेकलं.

एव्हाना जवळच्या वाडीतले एक काका येऊन उभे राहिले होते.

"गाडी आत्ताच काढा. रात्री दीडची भरती आहे."

"पण काका, पाण्याची रेघ तर तिकडे खाली आहे."

"ती दुपारची. थंडीत रात्रीचं पाणी जास्त चढतं."

काकांनी फावडं आणि दोन फळ्या दिल्या, टायरमधली हवा उतरवायला लावली आणि नऊच्या आत गाडी आल्या वाटेने मागे निघून रस्त्याच्या टोकावर गेली. सगळे खूश. तंबू मात्र होते तिथेच राहिले. काकांचं वाक्य गाडीपुरतं ऐकलं गेलं, आणि या प्रकरणातली कळीची चूक हीच. जे पाणी गाडीच्या चाकाला लागणार होतं तेच दहा मीटरवरच्या तंबूला लागणार, हे कोणी जोडून पाहिलं नाही. दमलेली, भुकेली माणसं तंबू उपटून परत लावायला तयार नसतात. म्हणून जागेचा निर्णय पहिल्यांदाच बरोबर व्हावा लागतो.

स्वयंपाकाला उशीर झाला होता. समोरून येणाऱ्या वाऱ्यात गॅसची ज्योत टिकेना, म्हणून व्हॅनमधल्या इंडक्शनवर पिठलं-भात केला. साडेअकराला सगळे आडवे झाले. मोठ्यांपैकी दोघं आणि दोन मुलं तंबूंत, बाकीची व्हॅनमध्ये.

पावणेएकला पहिली लाट तंबूच्या तळाखालून सरकून गेली. दुसऱ्या लाटेने पुढची वाळू खरवडून नेली, खुंट्या दाताच्या काड्यांसारख्या सुटल्या आणि माणसं आत असलेला तंबू मागच्या बाजूला दुमडला. मुलांना उचलून व्हॅनकडे नेलं तर तिथे दिवा लागेना, पंपातून पाणी येईना. चपला, एक पिशवी आणि चपलेत ठेवलेली मोटारीची चावी लाटेत भिजली. कोणाला इजा झाली नाही.

दुपारच्या रेघेने का फसवलं

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, त्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. त्यावरूनच किनाऱ्यावरचा जुना हिशेब आला आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा ठोकळ तास मिळतो. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट, दीड. अष्टमी म्हणजे सहा. पौर्णिमा म्हणजे पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण तंबूची जागा ठरवायला एवढं पुरतं, आणि त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय बास आहे. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, मोबाइलवरही ती माहिती मिळते. फक्त आपण जाणार त्याच्या जवळचं बंदर निवडावं. मुंबईचे आकडे श्रीवर्धनला जसेच्या तसे लावू नयेत. दक्षिणेकडे जाताना भरतीची उंची कमी होत जाते.

या हिशेबातून एक अडचणीची गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येते. म्हणजे चांदण्यासाठी किंवा तारे पाहायला निवडलेल्या रात्री समुद्र सगळ्यात वर येतो तो लोक गाढ झोपलेले असताना, आणि लोक पोचतात त्या संध्याकाळी तो सगळ्यात लांब असतो.

त्यात ऋतूचा फरक. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची मोठी, हिवाळ्यात रात्रीची. मुंबईत जून-जुलैमध्ये उधाणाचे इशारे दुपारच्या वेळांचे असतात आणि डिसेंबरात मध्यरात्रीनंतरचे, ते यामुळेच. हा फरक अर्ध्या मीटरचाही असू शकतो. किनाऱ्याचा उतार चाळीसात एक धरला तर अर्धा मीटर उंची म्हणजे वाळूवर वीस मीटर आत. आणि रेघेवर सहा पावलं म्हणजे साधारण साडेचार मीटर, म्हणजे उभ्या उंचीत अकरा सेंटीमीटर. एक वीतसुद्धा नाही.

नऊ वाजता समुद्र शांत दिसत होता, हेही साहजिक. ओहोटी सव्वासातच्या सुमारास संपली. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्याला तिप्पट, मग पुन्हा दुप्पट आणि शेवटी एक भाग. म्हणजे सव्वानऊ ते सव्वाअकरा या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. हे लोक तेव्हा व्हॅनमध्ये पिठलं ढवळत होते.

जागा

वाळूवरची रेघ कालची गोष्ट सांगते, झाड वर्षांची. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जमिनीलगत पसरलेली, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची मर्यादवेल असते. नाव उगीच पडलेलं नाही. ती जिथे पाय रोवून आहे तिथवर समुद्र सहसा येत नाही. तंबू वेलीच्या मागे लावावा, वेलीवर नाही. तिच्या मुळांनीच ती वाळू धरलेली असते. जिथे वेलही नाही आणि सुरूच्या मुळांखालची वाळू कापलेली दिसते, मुळं उघडी लोंबतात, तिथे उधाण झाडांपर्यंत येतं असं समजून किनारा सोडून वाडीत जावं.

सुरूच्या बनात सावली छान, पण दोन गोष्टी बघाव्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यात सुरू, नारळ, सुपारी यांची दाणादाण उडवली. कलंडलेलं, अर्धवट मुळावर उभं असलेलं झाड दिसलं तर त्याच्याखाली मुक्काम नको. दुसरं, खाली पडलेल्या सुरूच्या काड्या भुश्शासारख्या पेटतात. आणि नारळाखाली तंबू कधीच नको. नारळ सोडा, वाळकी झावळी पडली तरी तंबूचे खांब मोडतात.

आमचं मत विचाराल तर मुलं बरोबर असताना अष्टमीच्या आसपासचा शनिवार धरावा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. भरती संध्याकाळी आणि पहाटे सहाच्या सुमारास येते, मध्यरात्री ओहोटी असते. शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्रही मिळतो. आणि किनाऱ्याला लागून असलेल्या एखाद्या वाडीत आधी फोन करून जागा ठरवावी. संडास, गोडं पाणी आणि रात्री हाक मारायला माणूस, तिन्ही एका ठिकाणी मिळतं.

वाळूत तंबू रोवणं

गोल तारेची खुंटी वाळूत नावापुरतीच. कोरड्या वाळूला पकड नसते. लागतं ते वजन आणि खोली. सिमेंटच्या किंवा साखरेच्या रिकाम्या गोणीचे तुकडे करून किंवा जाड कापडी पिशव्या घेऊन प्रत्येकीत आठ-दहा किलो वाळू भरावी, तोंड बांधून त्यालाच दोरी अडकवावी, हातभर खड्ड्यात पुरून वरून वाळू लोटावी, पायाने दाबावी आणि एक बादली पाणी ओतावं. ओल्याने वाळू आवळते. दोरी जमिनीतून साधारण ४५ अंशांत बाहेर यावी. उभी ओढ बसली तर पिशवी उपसून येते. एका तंबूला चार कोपरे आणि वाऱ्याच्या बाजूच्या दोन ताणाच्या दोऱ्या, म्हणजे सहा पिशव्या. दोन माणसांना पाऊण तास लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण खुंट्या ठोकत बसण्यापेक्षा बरं.

तोंड कुठे करायचं? शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन थंड झाली की जमिनीकडून समुद्राकडे. तोंड समुद्राकडे असलं तर पाचला वाळू थेट अंथरुणात येते. तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे, दार आडव्या अंगाला, हे सगळ्यात सोयीचं.

डिसेंबरात दव इतकं पडतं की पहाटे वरच्या कापडावरून पाणी ओघळतं. आतली ओल मात्र बहुतेक माणसांच्या श्वासाची असते. वाळू येते म्हणून सगळ्या झरोक्यांच्या चेन लावून झोपलं की सकाळी 'तंबू गळतो' अशी तक्रार येते. झरोके उघडे ठेवावेत. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बुडाबाहेर चार बोटंही डोकावू देऊ नये, नाहीतर कापडावरून ओघळलेलं दव तिच्यावरून थेट अंथरुणाखाली जातं.

व्हॅन : वाळू, वीज, गॅस

पहिली गोष्ट, व्हॅन वाळूत उतरवायचीच नाही. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे आणि पर्यटकांवर गुन्हेही दाखल झाले आहेत. तांत्रिक कारण वेगळंच आहे: जी ओली वाळू चालवायला सगळ्यात घट्ट, तीच सहा तासांनी पाण्याखाली जाते. उभ्या चाकाभोवतून लाट परतताना चाकाखालची वाळू ओढून नेते, आणि गाडी न हलता रुतत जाते.

तरीही रुतलीच तर काकांची रीत लक्षात ठेवावी. चाक गरगरलं की त्याच क्षणी थांबायचं. माणसं उतरवायची, टाकीतलं पाणी सोडून द्यायचं; ८० लिटर म्हणजे ८० किलो. पोटाखालची आणि चाकांच्या मागची वाळू फावड्याने उतरती काढायची. टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, ५५ पौंडांची २८ वगैरे. टायर पसरून लांबट टेकतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. १८ मिलिमीटर प्लायवूडच्या हातभर रुंद, चार फुटी फळ्या चाकाला भिडवून सरकवायच्या आणि ज्या चाकोरीने आलो त्याच चाकोरीने मागे घ्यायचं, कारण तेवढीच वाळू दाबलेली असते. ॲक्सिलरेटर हलका, स्टिअरिंग सरळ. गाडीच्या मागेपुढे कोणी उभं राहायचं नाही, फळी उडते. वर आल्यावर १२ व्होल्टच्या पंपाने हवा पूर्ण भरूनच डांबरी रस्ता धरायचा. कमी हवेचा टायर घाटात तापून फुटू शकतो.

विजेचं गणित सरळ आहे. १०० अँपिअर-तास गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे १२८० वॅट-तास. रात्रभर दोन पंखे ५००, फ्रिज ३५०, दिवे आणि फोन दीडशेच्या आत. एका रात्रीला बॅटरी पुरते, पण जेमतेम. १५०० वॅटचं इंडक्शन ४० मिनिटं चाललं की १००० गेले, इन्व्हर्टरमधली गळती धरली तर ११०० च्या वर. बॅटरीने स्वतःला बंद करून घेतलं आणि तिच्याबरोबर दिवे, पंखे, पाण्याचा पंपही गेला. म्हणजे मध्यरात्रीचा अंधार हा संध्याकाळच्या वाऱ्याचा परिणाम होता. उपाय साधा होता: शेगडी व्हॅनच्या जमिनीकडच्या आडोशाला, तीन बाजूंनी पत्रा लावून. गॅसच्या छोट्या डबीवर बसणाऱ्या शेगडीला पत्र्याने चहूबाजूंनी कोंडू मात्र नये, डबी तापते. आणि वारा आहे म्हणून शेगडी तंबूत नेणं तर मुळीच नको. जळण्याचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. व्हॅनमध्ये छोटा सिलिंडर असेल तर फरशीलगतची जाळी उघडी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही.

उजेड आणि शेकोटी

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ. वेळास, आंजर्ले इथलं कासवं वाचवायचं काम सगळ्यांना माहीत आहे, पण दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बाजूलाही घरटी होतात. मादी भरतीच्या रेघेच्या वर, म्हणजे लोक तंबू लावतात नेमक्या त्याच पट्ट्यात खड्डा करते. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे समुद्राकडे रोखलेले झगझगीत दिवे नकोत. तांबड्या कागदाने झाकलेली बॅटरी पुरते. कुंपण केलेली जागा दिसली तर तिथून लांब.

शेकोटी वाळूने विझवू नये. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि पहाटे अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय भाजतो. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी, हात लावून गार लागेपर्यंत.

घरी आल्यावर

खाऱ्या पाण्यात भिजलेल्या चावीचा रिमोट सेल काढून गोड्या पाण्याने धुवावा आणि दोन दिवस सावलीत वाळवावा. तो मेला तरी बहुतेक चाव्यांमधली इंजिन सुरू करू देणारी चिप वेगळी असते, तिला सेल लागत नाही. चावी हाताने फिरवून गाडी सुरू होऊ शकते. या प्रकरणात मोटार तशीच पुण्याला आली.

तंबू मात्र त्याच आठवड्यात धुवावा. बादलीत, नळाच्या पाण्यात, साबणाशिवाय. मिठाचे कण हवेतली ओल धरून ठेवतात, म्हणून वाळलेला वाटणारा तंबू पिशवीत कुबट होतो आणि कापडावरचा जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढावी; वाळूसकट चेन ओढत राहिलं की आधी सरकता हूक झिजतो आणि मग चेन लावली तरी मागून उघडी पडत जाते. ॲल्युमिनियमचे खांब सांध्यांत उघडून पुसावेत, मीठ तिथेच पांढरं धरतं. सगळं बाल्कनीत, सावलीत, दोन दिवस. व्हॅनचा खालचा भाग परत करण्याआधी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावा, स्प्रिंग पाटे आणि ब्रेकच्या आसपास विशेष. या गटाने नुसती वरून धुतली होती, आणि अनामत रकमेतून कापून घेतलेले पैसे तिथेच गेले.